ला रूसरोलची सागवानी फळी

१

अगं, तू आधी बस, चहा बाजूला ठेव आणि नुसतं ऐक. मध्ये बोलायचं नाही, आणि "मला कळलं कोण ते" असं तर अजिबात म्हणायचं नाही. पद्मिनीलाही आधी कळल्यासारखंच वाटत होतं, आणि तिथेच तर सगळा घोळ झाला.

तर साल शहाऐंशी. मेन राज्यातलं समुद्रकाठचं एक छोटं युनिव्हर्सिटी टाउन. एप्रिल उजाडला तरी रस्त्याच्या कडेला मळकट बर्फाचे ढीग तसेच. शनिवार सकाळ, एकनाथकाकांचं बेसमेंट, आणि मधोमध झाकण लावलेला एक लांबुळका प्लॅस्टिकचा टब.

एकनाथकाका पेपर मिलमध्ये इंजिनिअर. त्यांचं आणि शरयूकाकूंचं घर म्हणजे तिथल्या सगळ्या मराठी स्टुडंट्सचं हक्काचं माहेर. वीकएंडला वरणभात तिथेच, कपडे धुवायला तिथेच, रडायलाही तिथेच. त्या दिवशी टबाशेजारी उभी होती सुमेधा. पुण्याची, इतिहासात पीएचडी करणारी. तिच्यामागे तिची रूममेट पद्मिनी, नागपूरची, केमिस्ट्रीवाली. जिन्यावर काका-काकू आणि ग्रुपमधली बाकीची पोरं. आणि समोर दोन पाहुणे: सुमेधाचे गाइड डॉ. व्हिटकॉम्ब, आणि म्युझियममधून खास बोलावलेल्या लाकडाच्या एक्स्पर्ट मिसेस डाल्टन.

सुमेधानं झाकण काढलं. काळपट पाण्यात हातभर लांबीचा लाकडाचा तुकडा. मिसेस डाल्टननी ग्लव्ह्ज घातले, तुकडा बाहेर काढला, कोपऱ्यावर ब्लेडनं बारीकसा काप घेतला, भिंग लावलं, वास घेतला. मग सुमेधाकडे न बघता डॉ. व्हिटकॉम्बना म्हणाल्या, "हा ओक आहे."

"नाही नाही, सागवान," सुमेधा हसत म्हणाली. तिला खरंच वाटलं की बाईंची गंमत चाललीय.

"अमेरिकन व्हाइट ओक. एखाद्या जुन्या बार्नचा, शेतावरच्या कोठाराचा असेल. आणि हे भोक बघा, गोल वायरच्या खिळ्याचं. असे खिळे तुमचं जहाज बांधलं तेव्हा नव्हतेच."

सुमेधानं तुकडा हिसकावूनच घेतला म्हण ना. उलटासुलटा केला. चेहऱ्याचा रंग असा उतरत गेला की पद्मिनीनं तिचा दंड धरला.

"हे माझं लाकूड नाहीये! कुणीतरी बदललंय!"

डॉ. व्हिटकॉम्बनी चष्मा काढला. तो माणूस कधी आवाज चढवत नाही, आणि त्या दिवशीही चढवला नाही, तेच जास्त वाईट. "सुमेधा, तुझ्या शब्दावर मी यांना इतक्या लांबून बोलावलं. सोमवारी सकाळी कमिटीसमोर ये. खोटा पुरावा सादर केला तर युनिव्हर्सिटी काय करते, ते तुला माहीत असेलच."

म्हणजे हकालपट्टी. म्हणजे व्हिसा गेला, पुण्याला परत, आणि कपाळावर कायमचा शिक्का: फसवणारी.

पाहुणे गेले. काकूंनी सुमेधाला वर नेलं. पद्मिनी तुकडा परत टबात ठेवायला वाकली आणि तशीच थांबली.

लाकूड तरंगत होतं.

सुमेधाची फळी कधीच तरंगली नव्हती. दगडासारखी तळाशी बसायची.

२

आता ते जहाज कुठलं, ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

जहाजाचं नाव ला रूसरोल. फ्रेंच आरमाराचं छोटं, चपळ, शिडाचं युद्धजहाज. रूसरोल म्हणजे आपला वटवट्या पक्षी. हे कळल्यावर प्रसन्न म्हणाला होता, "बरोबर, सुमेधावरूनच ठेवलंय!" हा प्रसन्न इलेक्ट्रिकलवाला, ग्रुपमधला पैलवान.

तर ही रूसरोल फ्रान्समध्ये ओकच्या लाकडात बांधली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इकडच्या किनाऱ्यावर लढली. मग तिला पाठवलं हिंदी महासागरात, मॉरिशसला. तिथे ती आगीत जळाली असं पुस्तकांत लिहिलेलं. संपली तिची नोकरी, संपला इतिहास.

सुमेधा म्हणत होती, जळाली नाही. इंग्रजांनी तिला मलबारच्या किनाऱ्यावर धरलं, मुंबईच्या गोदीत नेलं, सडलेल्या फळ्या काढून सागवानी फळ्या ठोकल्या आणि नवं नाव देऊन स्वतःच्या कामाला जुंपलं. पुढे एका अमेरिकन व्यापाऱ्यानं घेतलं, पुन्हा नवं नाव, आणि शेवटी वादळात ती मेनच्या किनाऱ्यावर येऊन फुटली. जिथे लढायला आली होती, तिथेच मरायला आली. "आपल्याकडच्या नव्या नवरीसारखं गं," सुमेधा म्हणायची, "प्रत्येक सासरी नवं नाव. माहेरचं कुणी विचारतच नाही."

पद्मिनी यावर जरा कसंनुसं हसायची. तिचा आदल्या उन्हाळ्यात श्रीरंगशी साखरपुडा झाला होता आणि श्रीरंगच्या आईनं तांदळात लिहायचं नाव ठरवूनसुद्धा टाकलं होतं: कांचन.

त्या फेब्रुवारीत मोठं वादळ झालं आणि किनाऱ्यावरची वाळू धुऊन गेली. हार्पर कोव्ह नावाच्या एका सुनसान खाडीत सुमेधाला जहाजाच्या बरगड्या दिसल्या. ओकच्या बरगड्या, आणि त्यांना चिकटलेली एक वेगळीच फळी. जरा खरवडली, तर पुण्याच्या घरातलं कपाट उघडल्यासारखा वास! तो तुटका तुकडा तिनं उचलून आणला. काही दिवसांत वाळू परत भरली, सगळं पुन्हा गडप. खोदायला परवानगी हवी, आणि परवानगीला पुरावा हवा. पुरावा एकच, ती फळी. फ्रेंच ओकच्या सांगाड्याला मुंबईचा साग, असं दुसरं कुठलं जहाज तिथे येणार?

समुद्रातलं लाकूड वाळलं की तडकतं, म्हणून ते सतत पाण्यात बुडवून ठेवायचं. स्टुडंट अपार्टमेंटमध्ये टब मावणार कुठे? म्हणून काकांचं बेसमेंट.

टब कुठे आहे ते सगळ्यांना माहीत. पण खाडी कुठली, ते सुमेधानं फक्त पद्मिनीला सांगितलं होतं. "कुणाला बोलू नकोस हं. लोक सुवेनियर म्हणून उपटून नेतील."

हे नीट लक्षात ठेव. पद्मिनीनं ठेवलं नाही.

३

रविवारी सकाळी पद्मिनी कामाला लागली. सुमेधा अंथरुणातून उठायलाच तयार नव्हती. "तू कशाला धडपडतेस गं? गोऱ्यांनी एकदा ठरवलं की ठरवलं."

"ठरवू देत. मी पण नागपूरची आहे."

तिनं काकांकडे जाऊन तो ओकचा तुकडा उजेडात नेला आणि नीट पाहिला. खालच्या बाजूला एक डाग होता. काळा, निळसर झाक असलेला, बांगडीसारखा गोल. पण पूर्ण गोल नाही, एका जागी कडा तुटलेली. मिसेस डाल्टननी त्याकडे लक्षच दिलं नव्हतं. पद्मिनीनं काकूंच्या स्वयंपाकघरातला वॅक्स पेपर, म्हणजे मेणकागद, वर ठेवून तो गिरवून घेतला.

पहिल्या काकू. त्या लाँड्रीपाशी उभ्या होत्या, डोक्याला मेंदी थापलेली, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली.

"काकू, राग मानू नका, पण त्या टबाचा तुम्हाला वैताग होता ना?"

"होता म्हणजे? अगं, मेलेल्या माशाचा वास यायचा टॉवेलांना! यांना मी कितीदा म्हटलं, एक दिवस देते फेकून. पण फेकलं असतं तर सांगून फेकलं असतं. दुसरं लाकूड आणून ठेवायला मला काय वेड लागलंय?"

हे पटण्यासारखं होतं. काकूंना राग आला की तो गल्लीला कळायचा.

दुसरे काका. ते गराजमध्ये. आणि गराजमध्ये काय, तर जुन्या बार्नच्या ओकच्या फळ्यांचा ढीग!

"काका, या कुठून आणल्या?"

"शेजारच्या म्हाताऱ्याचा बार्न पाडला, त्याच्या. देवघर करणार होतो. तुमच्या काकू म्हणतात, देव म्हातारे होतील तुमचं देवघर होईपर्यंत." मग काकांचा चेहरा पडला. "पोरी, काल ती बाई बार्न म्हणाली तेव्हाच मला वाटलं, आता सगळे माझ्याकडे बघणार. एक फळी कमी आहे यातली. पण मी नाही गं. सुमेधा माझ्या मुलीसारखी आहे."

गराजच्या दाराला कुलूप नसतं, हे सगळ्यांना माहीत. पद्मिनीनं रंगाच्या डब्याचा तळ वॅक्स पेपरवर ठेवून पाहिला. डबा कितीतरी मोठा.

तिसरा प्रसन्न. यानं जानेवारीत सुमेधाला प्रपोज केलं होतं आणि ती सरळ नाही म्हणाली होती.

"म्हणजे मी व्हिलन?" प्रसन्न उखडलाच. "अगं यार, नाही म्हणाली, दोन दिवस नूडल्ससुद्धा गेल्या नाहीत घशाखाली, खलास! मी तिची फळी कशाला चोरू? मला वटवट्या आणि चिमणी यांतला फरक कळत नाही!"

"तुझी वजनं दाखव."

"काय?"

"डंबेल्स रे. लोखंडी चकत्या."

त्यानं त्या दाखवल्या. मधे मोठं भोक, वर उठावाची अक्षरं. तसला काही छाप लाकडावर नव्हता. प्रसन्नही बाद.

"तुझ्या श्रीरंगला विचारलंस का?" तो चिडून म्हणाला. "की तो जावई म्हणून सुटला?"

"श्रीरंगचा काय संबंध?" पद्मिनी फटकन बोलली. "तो काल तिथे नव्हतासुद्धा."

"तेच तर म्हणतोय. आपण सगळे होतो ना?"

४

लोखंडी चकत्या तिला का आठवल्या, ते सांगायचं राहिलंच.

काकूंशी बोलताना लाँड्रीच्या कट्ट्यावर लोखंडी कढई होती आणि तिच्यात उरलेली मेंदी. कडेला काळाकुट्ट थर. पद्मिनीनं सहज विचारलं, "काकू, मेंदी लोखंडी कढईत का भिजवता?"

"रंग गडद चढतो. वर चहाचं पाणी घालायचं. तुरट वस्तू आणि लोखंड एकत्र आलं की काळं पडणारच. आवळा ठेवून बघ ना लोखंडात, काळा ठिक्कर!"

आणि केमिस्ट्रीत पीएचडी करणारी आमची पद्मिनी तिथेच कपाळावर हात मारून घेते! टॅनिन! ओकमध्ये टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, ठासून भरलेलं असतं. ओला ओक आणि लोखंड एकमेकांना चिकटून राहिले की निळा-काळा डाग पडतो. म्हणजे तो डाग लोखंडी वस्तूचा.

आता जुळव. बार्नची कोरडी फळी पाण्यात टाकली तर तरंगते. पण ती जुनी, मुरलेली दिसायला हवी, म्हणून काही दिवस बुडवून ठेवायला हवी. मग वर काहीतरी जड ठेवायचं. अमेरिकन माणूस काय ठेवेल? वीट. दगड. अंगण त्यांनी भरलेलं असतं. पण अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसाचा हात कुठे जाईल? लोणचं दाबायला, पनीर दाबायला जातो तिथेच. स्वयंपाकघरात.

काकूंची कढई? तिचा तळ फुगीर, डाग पडला असता तर टिकलीसारखा भरीव, बांगडीसारखा नाही. काकूंचा खलबत्ता? पितळी.

आणि इथे पद्मिनीच्या डोक्यात काहीतरी हललं, पण तिनं ते दाबून टाकलं. अगं, माणूस असाच असतो. आपल्या घराचं दार सोडून सगळीकडे शोधतो.

५

रविवारी दुपारी ती श्रीरंगच्या अपार्टमेंटवर गेली. तपासाला नाही हं, थकली म्हणून. तो ओशन इंजिनिअरिंगचा. उंच, शांत, सगळ्यांच्या कार दुरुस्त करून देणारा. तिला बघून म्हणाला, "आधी बस. आल्याचा चहा टाकतो."

"श्री, मला काही सुचत नाहीये रे. सुमेधाला उद्या काढून टाकतील."

"तू कशाला एवढं लावून घेतेस? इतिहासात काय, दुसरं जहाज घेईल. समुद्रात काय कमी बुडालीत?"

तो कट्ट्यावर आलं ठेचत होता. ठक्, ठक्, ठक्. लोखंडी खलबत्त्यात.

तो खलबत्ता पद्मिनीचा होता. आईनं नागपूरहून निघताना बॅगेत कोंबलेला. न्यूयॉर्कच्या एअरपोर्टवर बॅग आपटली आणि त्याच्या बुडाची कड उडाली. चहाला आलं लागतं म्हणून गेल्याच वर्षी तिनं तो श्रीरंगला दिला होता.

"आण, मी ठेचते," ती म्हणाली. आवाज साधा ठेवला. तो दूध काढायला फ्रिजकडे वळला. तिनं आलं वाटीत काढलं, पर्समधला वॅक्स पेपर कट्ट्यावर पसरला आणि खलबत्ता त्यावर ठेवला. जरासा फिरवला.

गोल बसला. तुटलेली कडसुद्धा.

तिनं कागदाची घडी केली, पर्समध्ये टाकली आणि चहा प्यायली. सगळा. मग म्हणाली, "माझा खलबत्ता नेते हं, घरी लागतोय."

"ने की," तो म्हणाला. त्याच्या काही लक्षात आलं नाही.

चालता चालता तिला उरलेलं कोडंही सुटलं. श्रीरंगच्या प्रोफेसरांकडे जेटीचा मोठा प्रोजेक्ट होता, त्यावरच त्याची असिस्टंटशिप, म्हणजे फी आणि महिन्याचा पगार. ती जेटी हार्पर कोव्हमध्ये होणार होती. तिथे ऐतिहासिक जहाज निघालं तर सरकार काम थांबवणार. पण जहाज हार्पर कोव्हमध्ये आहे, हे कुणाला माहीत? सुमेधाला. आणि पद्मिनीला. आणि मार्चमध्ये एका संध्याकाळी, सिंकपाशी भांडी विसळताना, "कुणाला बोलू नकोस हं" असं म्हणत पद्मिनीनं ज्याला सांगितलं होतं, त्याला.

ती स्वतःच्या बिल्डिंगपाशी पोचली. वर त्यांच्या खिडकीत सुमेधा उभी होती, केस विस्कटलेले, वाट बघत. पद्मिनी दाराच्या हँडलला हात लावून उभी राहिली.

आणि मागे फिरली.

६

"खलबत्ता बोलतो, तुला माहीत नव्हतं ना?" तिनं दारातच सांगितलं आणि कागद त्याच्यापुढे धरला.

श्रीरंगनं नाकारलं नाही, हेच तिला सगळ्यात जास्त लागलं. तो मटकन खुर्चीत बसला.

"पद्मा, जेटी थांबली की प्रोजेक्ट गेला. प्रोजेक्ट गेला की माझी असिस्टंटशिप गेली. डिसेंबरमध्ये लग्न आहे आपलं. मी परत गेलो असतो तर? मी आपल्या दोघांसाठी केलं."

"मला विचारून केलंस?"

"तू हो म्हणाली असतीस?"

"म्हणून विचारलं नाहीस."

तिनं कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

"फळी कुठाय?"

"लॅबमध्ये. वेव्ह टँकच्या तळाशी." वेव्ह टँक म्हणजे लाटा तयार करून बघायचा त्यांचा लांबलचक हौद. "फेकणार होतो. हातून झालं नाही. तिनं एवढं जपलं होतं ते."

पद्मिनीचा जीव भांड्यात पडला. फळी शाबूत होती, ओली होती!

"ऐक," तो पुढे सरकला, "मी ती गुपचूप परत ठेवतो. म्हणू या, काकांनी चुकून अदलाबदल केली. त्यांच्या गराजमध्ये तसाच ओक आहे. विसरतात हल्ली, वय झालंय. त्यांना कोण काय करणार आहे?"

पद्मिनी त्याच्याकडे बघतच राहिली. याच माणसाच्या घरी काकू दर दिवाळीला चकल्या पोचवत होत्या.

"काकांचं नाव काढायचं नाही. आणि नुसती फळी परत ठेवून भागायचं नाही, श्री. आता सुमेधानं सागवान दाखवलं तर म्हणतील, हेही कुठून तरी आणलं. ज्यानं बदलली त्यानंच सांगायला हवं. उद्या सकाळी तू फळी घेऊन व्हिटकॉम्बकडे ये. स्वतः सांग. तू स्वतः सांगितलंस तर मी... तर बघू आपण."

श्रीरंगच्या डोळ्यांत पाणी होतं. "येतो. तुझी शपथ."

"माझी नको. आईची घे."

त्यानं घेतली.

ती घरी आली. सुमेधानं पहिल्यांदाच उठून खिचडी टाकली होती. "दिवसभर माझ्यासाठी फिरलीस," ती म्हणाली. "दोन घास खा. काही कळलं का गं?"

"उद्या कळेल," पद्मिनी म्हणाली. आणि खिचडी खाल्ली.

७

सोमवारी कमिटीच्या दाराबाहेर दोघी बसल्या होत्या. श्रीरंग नाही. सेक्रेटरी येऊन सांगून गेली, आता बोलावतील. श्रीरंग नाही. पद्मिनी उठली आणि कोट न घालताच लॅबकडे पळत सुटली.

वेव्ह टँक रिकामा होता. तळ लख्ख, कोरडा. टेक्निशियन मॉप पिळत होता.

"काल संध्याकाळी श्री आला होता," तो म्हणाला. "म्हणाला, सफाई करायची आहे, सगळं ड्रेन कर. त्यानंच मदत केली. भला मुलगा."

"तळाशी लाकूड होतं?"

"होतं काहीतरी. तो घेऊन गेला."

 पद्मिनी धावत परत आली, कमिटीच्या खोलीत सरळ घुसली आणि सगळं सांगितलं. पिशवीतून आणलेला खलबत्ता टेबलावर ठेवला, ओकच्या डागावर बसवून दाखवला. कुणाचा खलबत्ता, कुणाकडे होता, जेटी कुठे होणार, खाडी कुणी कुणाला सांगितली. स्वतःचं नावही वगळलं नाही. साक्षीला आलेल्या मिसेस डाल्टननी बादली मागवली. ओकचा तुकडा टाकला, तो तरंगला. फेब्रुवारीपासून पाण्यात असता तर बुडाला असता, एवढंच म्हणून त्यांनी डॉ. व्हिटकॉम्बकडे बघून हळूच मान हलवली.

श्रीरंगला बोलावलं. तो आला, इस्त्रीचा शर्ट घालून.

"खलबत्ता माझ्या किचनमध्ये असतो हे खरं," तो शांतपणे म्हणाला. "पण माझं दार नेहमी उघडं असतं. सगळे येतात. पद्मिनीही येते. सुमेधाही आली आहे. टँक मी साफ केला, माझं कामच आहे ते. लाकूड होतं, आमच्या लॅबचं, कचऱ्यात गेलं." हे सगळं त्यानं पद्मिनीच्या डोळ्यांत बघून सांगितलं. पापणीसुद्धा लवली नाही.

त्याच्या प्रोफेसरांनी एवढंच विचारलं, "ती सागवानी फळी कुठे आहे? नाही ना? मग माझ्या विद्यार्थ्याला वेठीला धरू नका."

कमिटीनं निकाल दिला. ओक कुणीतरी मुद्दाम ठेवला, सुमेधानं फसवलं असं म्हणता येत नाही. तिची जागा राहिली, व्हिसा राहिला, नाव राहिलं. पण ला रूसरोल? पुरावा नाही तर परवानगी नाही. पुढच्या उन्हाळ्यात हार्पर कोव्हमध्ये काँक्रीट पडलं. पुस्तकांत ती आजही मॉरिशसला जळालेलीच आहे.

पद्मिनीनं त्याच दुपारी नागपूरला फोन लावून लग्न मोडलं. आई पलीकडून रडत विचारत होती, "अगं पण झालं काय?" आणि हिला एका वाक्यात सांगता येईना.

फोन ठेवून वळली तर सुमेधा दारात उभी.

"एक विचारू?" सुमेधा म्हणाली. "काल तुला कळलं, तेव्हा फळी टँकमध्ये होती ना?"

"हो."

"मी खिडकीतून तुला बघितलं. खाली आलीस, दारापाशी उभी राहिलीस, आणि परत गेलीस. मला वाटलं, काहीतरी विसरली असेल." तिचा आवाज अगदी साधा होता. "तू वर आली असतीस तर आपण दोघींनी त्याला गाठलं असतं आणि तेव्हाच जाऊन ती काढून आणली असती. लॅब चालत दहा मिनिटांवर आहे, पद्मिनी."

पद्मिनीला खूप बोलायचं होतं. की त्याला एक संधी द्यायची होती. की दोन वर्षांचं प्रेम होतं. की त्यानं आईची शपथ घेतली होती.

"माझ्यासाठी कमिटीत उभी राहिलीस, त्याबद्दल थँक्यू," सुमेधा म्हणाली. "मनापासून." आणि आत जाऊन तिनं सूटकेस पलंगावर काढली. त्याच आठवड्यात ती काकांच्या वरच्या खोलीत राहायला गेली. रस्त्यात भेटली तर आजही हसते. पण पुढे काही बोलत नाही.

काकू म्हणतात, पद्मिनीनं काहीच चूक केली नाही. प्रसन्न म्हणतो, सगळी चूक तिचीच. माझं काही ठरत नाही गं. दार समोर, खिडकीत मैत्रीण, आणि मागे तो, ज्याच्याशी डिसेंबरमध्ये लग्न.

तू सांग ना. तू वर गेली असतीस?